नळावरचं राजकारण

१९७७ सालच्या लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले आणि मुंबईत एक घोषणा सगळ्यांच्या तोंडी झाली. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. त्या रायबरेलीत हरल्या होत्या. पाणीवाली बाई म्हणजे मृणाल गोरे. त्या उत्तर मुंबईतून निवडून आल्या होत्या. आणीबाणीचे एकोणीस-वीस महिने तोंड दाबून बसलेल्या लोकांना मोठ्याने हसायला एक निमित्त मिळालं. माझ्यासारख्या शब्दांचा धंदा करणाऱ्याला ती घोषणा बांधणाऱ्याचा हेवा वाटतो.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दिल्लीवाली बाई हे नाव सत्तेवरून पडलं. दुसऱ्या बाईंचं नाव पडलं ते नळावरून. त्या तोवर नगरसेविका होऊन गेल्या होत्या, आमदार होत्या, तुरुंगात जाऊन आल्या होत्या. तरी लोकांनी त्यांना ओळखलं ते पाण्यामुळे. हे नाव कुठल्या पक्षाने दिलेलं नव्हतं, वर्तमानपत्रानेही नव्हे. ते रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी दिलं होतं. आमचं लहानपण जोगेश्वरीच्या चाळीत गेलं. माझ्या अम्मीला मृणाल गोरे हे नाव धड उच्चारता येत नसे, आणि त्यांचा पक्ष कोणता हे तर तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. ‘वो पानीवाली बाई’ म्हटलं की पुरे. आज या नावामागचा इतिहास सांगावा असं मनात आहे.

मुंबईचं पाणी आणि साष्टीचं पाणी ही एक विचित्र कहाणी आहे. गोरेगावच्या पूर्वेला आरेचे डोंगर आहेत. त्यांच्या पलीकडे विहार तलाव, त्याच्या वर तुळशी. विहारचं बांधकाम १८६० साली पुरं झालं, तुळशीचं १८७९ साली. पुढे १८९२ साली शहापूरकडच्या तानसाचं पाणी आलं. हे सगळं पाणी गेलं कुठे? खाली, बेटावरच्या शहरात. गिरगाव, भेंडीबाजार, फोर्ट, भायखळा इकडे. तोवर त्या शहराची तहान विहिरी, तळी आणि पखाली वाहणारे भिस्ती यांच्यावर भागत होती. नळ आला आणि हळूहळू भिस्त्याची पखाल गेली. पण ज्या गावांच्या डोक्यावर ते तलाव होते त्या साष्टीच्या गावांना नळ लगेच मिळाला नाही. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही तेव्हा गावंच होती. त्यांच्या विहिरी होत्या, भातशेती होती, लोकवस्ती बेताची होती. कुणाचं फारसं अडत नव्हतं.

अडायला लागलं ते स्वातंत्र्यानंतर. माणसं आली. गिरणीत काम मिळालं पण परळ-लालबागला खोली मिळाली नाही, ती इकडे सरकली. फाळणीनंतरची कुटुंबं आली, कोकणातून आली, देशावरून आली, उत्तरेतून आली. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना चाळी उभ्या राहिल्या आणि चाळींच्या मागे झोपड्या. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरीपर्यंत वाढली, १९५७ साली दहिसरपर्यंत. कागदावर गोरेगाव मुंबईत आलं. पण हद्द वाढवायला सरकारचा एक आदेश लागतो आणि पाइप वाढवायला पैसे, पाणी आणि इच्छा लागते. त्याच १९५७ साली वैतरणेवरचं धरण पुरं झालं, त्याला आपण मोडक सागर म्हणतो. म्हणजे पाणी वाढत होतं. ते कुणाच्या दारात जाणार एवढाच प्रश्न होता, आणि तो इंजिनिअरने सोडवायचा प्रश्न नव्हता.

मृणाल मोहिले यांचा जन्म १९२८ चा. डॉक्टर व्हायचं म्हणून त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या ओढल्या गेल्या आणि शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. जात वेगळी होती, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. केशव गोऱ्यांना सगळे बंडू गोरे म्हणत. बेचाळीसच्या चळवळीतला कार्यकर्ता, समाजवादी पक्षाचा माणूस. दोघांनी गोरेगाव हे आपलं कामाचं ठिकाण मानलं. गोरेगावची ग्रामपंचायत होती त्या काळात मृणालताई तिथे निवडून आल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोकसभेपर्यंत गेलेल्या या बाईंची पहिली पायरी ग्रामपंचायत होती. विहीर उपसायची कधी, दिवा लावायचा कुठे, गटार कुणाच्या अंगणातून न्यायचं, यावर तिथे भांडणं होतात. भाषण करून ही भांडणं मिटत नाहीत.

१९५८ साली बंडू गोरे गेले. मुलगी लहान होती. मृणालताई तिशीच्या होत्या. त्या वेळी त्या माघारी फिरल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्या फिरल्या नाहीत. बंडूंच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक उभं राहिलं आणि १९६१ साली मृणालताई प्रजा समाजवादी पक्षातर्फे मुंबई महापालिकेत निवडून गेल्या.

आता पाण्याकडे येऊ. त्या काळच्या उपनगरांतल्या पाण्याच्या भांडणात दोन वेगवेगळे प्रश्न होते, हे आज आपण विसरलो आहोत. एक प्रश्न चाळीतल्या आणि इमारतीतल्या लोकांचा. त्यांना नळ होता पण पाणी यायचं नाही, आलं तर मध्यरात्री यायचं, आलं तरी करंगळीएवढी धार. हा प्रश्न अपुऱ्या पुरवठ्याचा. दुसरा प्रश्न झोपडीतल्या लोकांचा. त्यांना नळच नव्हता, आणि मिळायचा नव्हता. कारण महापालिकेचं म्हणणं असं, की ही जागा तुमची नाही. तुम्ही बेकायदा आहात. तुम्हाला नळ दिला तर तुमची झोपडी कायम झाल्यासारखं होईल.

वरवर पाहता या म्हणण्यात तर्क आहे. मृणालताईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. जमीन कुणाची हा एक प्रश्न आणि माणसाला पाणी हवं हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबू शकत नाही. जमिनीचा खटला वीस वर्षं चालेल, पोरगं दोन दिवसही थांबत नाही. ही गोष्ट सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही, पण ती महापालिकेच्या सभागृहात पुन्हा पुन्हा, आकड्यांनिशी, पाइपच्या आणि दाबाच्या हिशेबानिशी सांगावी लागते. आणि नुसतं सभागृहात सांगून भागत नाही. म्हणून हंडे-कळशा घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघाले. सभागृहात बोलणारी आणि बाहेर मोर्चात चालणारी बाई एकच होती, त्यामुळे आत काय ठरलं हे बाहेर कळायचं आणि बाहेर काय पेटलंय हे आत कळायचं.

रिकामा हंडा हे निशाण कुणी ठरवून शोधलं असेल असं मला वाटत नाही. बायकांच्या हातात तेच होतं. पण त्यात एक अर्थ आपोआप आला. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं पाणी प्यायला गेली, तेव्हा त्यांना सांगायचं होतं की आम्हीही माणसं आहोत. पाण्याच्या मागणीत हे दुसरं वाक्य नेहमीच असतं. आमच्याकडे मुहर्रमच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सबील मांडतात. करबलाच्या मैदानात फुरात नदी समोर असताना लहान मुलांसकट सगळ्यांचं पाणी तोडलं होतं, त्याची ती आठवण. सबीलवर पेला पुढे करणारा कुणाला नाव विचारत नाही, मोहल्ला विचारत नाही. पाणपोईवरही विचारत नाहीत. विचारायला सुरुवात होते ती अर्जाच्या खिडकीवर.

साठच्या दशकातल्या या कामाने मृणालताईंना उपनगरांत घराघरात नेलं. १९७१ साली समाजवाद्यांचे दोन तुकडे पुन्हा जोडले गेले. (समाजवादी एकत्र नांदू शकत नाहीत आणि एकमेकांशिवाय राहूही शकत नाहीत, असा विनोद समाजवादीच करतात.) १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. ते साल दुष्काळाचं. महाराष्ट्रात असा दुष्काळ पुन्हा पडू नये अशी आपण आजही दुवा करतो. गावं ओस पडली. शहरात धान्य, साखर, तेल, रॉकेल यांच्या रांगा लागल्या, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत दुकान रिकामं व्हायचं.

त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. यातलं ‘संयुक्त’ हे नुसतं नावापुरतं नव्हतं. मृणालताई समाजवादी, प्रमिला दंडवते आणि कमल देसाईही त्याच गोटातल्या. अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांच्या व्यासपीठावर पाय ठेवताना दहा वेळा विचार करत. बायका एका मोर्चात चालल्या. मोर्चाला लाटणी आली, थाळ्या आल्या. मंत्र्यांना घेराव पडले. ज्या घरातून बाई कधी सभेला गेली नव्हती त्या घरातून ती लाटणं घेऊन रस्त्यावर आली. नवऱ्याला काय सांगणार? तेलाच्या डब्यासाठी जाते, एवढंच. आणि ते खरंच होतं.

लाटणं मोर्चाचं आज कौतुक होतं तेव्हा त्याची गंमत सांगितली जाते. मला त्यातली मेहनत जास्त दिसते. एका मोर्चासाठी किती चाळींत किती दुपारी बैठका घ्याव्या लागल्या असतील! बाई दुपारी एक ते तीन मोकळी असते. मुलं शाळेत, नळ गेलेला, नवरा कामावर. चळवळीचं वेळापत्रक या दोन तासांवर बसवावं लागतं. अशी वेळापत्रकं इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकटं ठेवलं होतं. त्या दिवसांबद्दल वीररसात पुष्कळ लिहिता येईल, मी लिहीत नाही. १९७७ साली दार उघडलं, निवडणूक लागली, त्या उत्तर मुंबईतून आणि अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेत गेल्या. लाटणं हातात घेतलेल्या दोघी एकदम दिल्लीत. मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

या नकाराचं काय करायचं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. त्यागाची गोष्ट म्हणून तो सांगितला जातो. पण देशाचं आरोग्य खातं, आणि ते पाण्याच्या लढाईतून आलेल्या, डॉक्टरकी शिकलेल्या बाईकडे! काय झालं असतं? समाजवाद्यांना सत्तेचा विटाळ वाटायचा, आणि त्या विटाळाची किंमत त्यांच्या मतदारांनी भरली, असं माझं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, की जनता सरकार अडीच वर्षंसुद्धा टिकलं नाही, मग त्या काय करणार होत्या? परत गोरेगावात येऊन त्यांनी जे केलं ते बहुधा जास्त टिकलं.

त्यातलं एक म्हणजे सिमेंटचं प्रकरण. आज सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, त्यामुळे तरुण वाचकांना हे समजावून सांगायला हवं. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिट लागायचं. सरकार ज्याला देईल त्याचं घर उभं राहणार. १९८१ साली मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या ट्रस्टला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्या बदल्यात सिमेंट मिळालं, असा आरोप झाला. अरुण शौरी यांनी ते वर्तमानपत्रात मांडलं. मृणालताई आणि त्यांचे सहकारी प. बा. सामंत हे प्रकरण उच्च न्यायालयात घेऊन गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री. आमच्या समाजात त्यांच्याबद्दल अभिमान होता, तो अजूनही आहे, आणि त्यांच्या धडाडीबद्दल तो रास्तही आहे. त्या दिवसांत आमच्या चाळीत दोन तट पडले होते. पाणीवाली बाईने आपल्या माणसाला पाडलं असं म्हणणारे होते. ज्याला खोलीच्या भिंतीपुरती दोन पोती सिमेंट मिळत नव्हती तो गप्प ऐकून घेत होता. त्याचा हिशेब वेगळा होता.

दुसरी गोष्ट घरांची. पाण्यासाठी भांडता भांडता मृणालताई जमिनीपर्यंत पोचल्या, कारण पाणी नाकारायचं कारण शेवटी जमीनच होती. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन ठेवता येणार नाही, जादा जमीन सरकार घेणार आणि गरिबांच्या घरांना देणार, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात सवलतींच्या कलमांतून जमिनी सुटत गेल्या. मृणालताई, सामंत आणि कमल देसाई यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि म्हटलं, कायदा आहे ना, मग त्यातून घरं बांधून दाखवू. हे सांगायला सोपं आहे. जमीन मिळवायला मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या यांत वर्षांमागून वर्षं गेली. अखेर दिंडोशीला सुमारे ६२ एकर जमिनीवर सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. ज्यांचं मुंबईत दुसरं घर नाही अशा कमी उत्पन्नाच्या माणसांची. आंदोलन करणाऱ्यांनी घरं मागितल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, वसाहत बांधून किल्ल्या दिल्याची फार थोडी. आणि तो कायदा? २००७ साली महाराष्ट्रात तो रद्द झाला. त्यातून सर्वसामान्यांना घरं किती मिळाली हे विचारलं की दिंडोशीचं नाव घ्यावं लागतं, आणि त्याच्या जोडीला दुसरं नाव चटकन आठवत नाही.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, काही काळ विरोधी पक्षनेत्या होत्या. या काळातलं एक काम पाणी आणि घर यांच्याइतकं लोकांच्या लक्षात राहिलं नाही. १९८६ साली त्यांनी गर्भलिंग चाचणीवर नियंत्रण आणणारं अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय विधेयक म्हणजे सरकारने नव्हे, एका सदस्याने मांडलेलं. बहुतेक वेळा अशी विधेयकं चर्चेला येऊन मागे घेतली जातात. पण बाहेर डॉक्टर, वकील, स्त्री संघटना यांची मोहीम चालू होती, आत मृणालताई होत्या. १९८८ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःचा कायदा आणला. देशातला असा तो पहिला कायदा. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली झाला. मुलीच्या जन्माआधीच तिचा निकाल लावणाऱ्या यंत्राविरुद्ध पहिली कायदेशीर हरकत ज्या सभागृहात घेतली गेली, तिथे ती घेणारी बाई हंडा मोर्चातून आलेली होती.

मृणालताईंचं काम आपल्यापुरतंच आहे असंही नाही. आयर्लंडच्या डब्लिन शहरात जो हिगिन्स नावाचे एक डावे लोकप्रतिनिधी होऊन गेले. तिथे १९९० च्या दशकात नळाच्या पाण्यावर वेगळा आकार बसवला, तेव्हा कष्टकरी वस्त्यांनी तो भरायचं नाकारलं आणि हिगिन्स त्या चळवळीच्या पुढे राहिले. १९९६ च्या अखेरीस सरकारने तो आकार मागे घेतला, १९९७ साली हिगिन्स संसदेत गेले. २००३ साली कचऱ्याच्या आकाराविरुद्ध कचरागाड्या अडवल्या म्हणून संसद सदस्य असताना ते महिनाभर तुरुंगात बसले. तिथली तक्रार बिलाची होती, इथली नळच नसण्याची. फरक मोठा आहे. पण दोघांचं म्हणणं जवळचं आहे. नळ, गटार, कचरा हे प्रश्न ‘बारीक’ म्हणून बाजूला सारायचे नाहीत, राजकारण तिथूनच सुरू होतं.

मात्र एक हिशेब मांडल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ज्या बायका हंडा घेऊन मृणालताईंमागे चालल्या त्यांची मुलं समाजवादी झाली नाहीत. १९६६ साली शिवसेना निघाली आणि त्याच उपनगरांत, त्याच चाळींत वाढली. १९८५ साली मुंबई महापालिका तिच्या हातात गेली. समाजवादी पक्ष जनता पक्षात विरघळला, जनता पक्ष फुटला, जनता दल आलं आणि तेही विरलं. नळ आला की मोर्चा संपतो. पुढच्या पिढीला नोकरी हवी होती, आपलं कुणी आहे ही भावना हवी होती. शिवसेनेच्या शाखेत संध्याकाळी दिवा लागलेला असायचा, तिथे जाऊन बसता यायचं. समाजवाद्यांकडे सच्ची माणसं होती, शाखा नव्हती. १९९२-९३ च्या दंगलींत हे अंतर किती रुंद झालंय ते दिसलं. एका नळावर भांडत का होईना पण एकत्र उभी राहणारी माणसं वेगवेगळ्या वस्त्यांत गेली. मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं त्या सुमारास दहिसरची हद्द ओलांडून मिरा रोडला आली, आमचंही त्यांतलंच.

आणि इकडे आल्यावर पाणी पुन्हा भेटलं. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसरला थांबली, तेव्हा मिरा, भाईंदर, नवघर, घोडबंदर ही आगरी-कोळ्यांची, मिठागरांची, ख्रिस्ती वाड्यांची गावं पलीकडे राहिली. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महापालिका. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पट. या शहराला स्वतःचा तलाव नाही. पाणी शहाड-टेमघरहून येतं, औद्योगिक विकास महामंडळाकडून येतं. सूर्या धरणाच्या पाण्याबद्दल तर आम्ही इतकी वर्षं ऐकलं की आमच्या इमारतीतल्या एका पोराला सूर्या हे एखाद्या पुढाऱ्याचं नाव वाटायचं. एप्रिल-मे आला की सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय, वर्गणीचा विषय, कुणी चोरून मोटर लावली हा विषय. सात मजल्यांची इमारत, लिफ्ट, संगमरवरी जिना, आणि बाथरूममध्ये निळं पिंप भरून ठेवलेलं. साठ सालच्या गोरेगावच्या झोपडीत आणि इथे फरक एवढाच, की आमच्या हातात कागद आहेत. कागद असून पाणी नाही, म्हणून आम्ही चिडतो. कागद नाहीत म्हणून पाणी नाही असं ज्यांना सांगितलं जातं ते आमच्याच इमारतीमागे राहतात, आमच्याकडे धुणीभांडी करतात, आणि आम्ही त्यांच्याबद्दल सभेत बोलत नाही.

त्या कागदाच्या प्रश्नाचा निकाल लागायला फार उशीर झाला. मुंबईत अमुक तारखेआधीची झोपडी असेल तर पाणी, नंतरची असेल तर नाही, असा नियम वर्षानुवर्षं चालला. तारीख बदलत गेली, नियम तोच. पाणी हक्क समिती हे प्रकरण उच्च न्यायालयात घेऊन गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला तो नाकारता येणार नाही. मात्र कायदेशीर घरातल्या माणसाइतकाच पुरवठा त्यालाही मागता येईल असं नाही, हेही न्यायालयाने बजावलं. जमीन वेगळी आणि पाणी वेगळं. गोरेगावच्या नगरसेविकेने साठच्या दशकात जे सभागृहात सांगितलं होतं ते अर्ध्या शतकाने निकालपत्रात आलं.

ते ऐकायला त्या नव्हत्या. १७ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वसईत त्यांचं निधन झालं. शेवटच्या काळापर्यंत त्यांचं येणंजाणं चळवळींतच होतं. नव्वदच्या दशकात गुहागरला एन्रॉनच्या वीज प्रकल्पाविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा त्या सत्तरीला टेकलेल्या होत्या, तरी तिथे गेल्या आणि अटक करून घेतली. आज गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. पाणीवाल्या बाईच्या नावाने जलवाहिनी नाही, पूल आहे, याची गंमत वाटते, पण पुलाखालून जाणारा रिक्षावालाही नाव वाचतो, हेही काही कमी नाही. केशव गोरे स्मारक मात्र चालू आहे. त्या इमारतीत १९८३ पासून ‘स्वाधार’ हे संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठीचं केंद्र आहे, सभागृहात नाटकं होतात, व्याख्यानं होतात. मीही तिथे एकदा कविता वाचल्या आहेत. श्रोते तीसेक होते, पंखे जुने होते, आणि पाण्याचा पेला मात्र प्रत्येकाला मिळाला.

मुंबई महापालिकेने २०२२ च्या मे महिन्यात ‘सर्वांसाठी पाणी’ असं धोरण जाहीर केलं. त्याच्या दोन महिने आधीच तिथल्या नगरसेवकांची मुदत संपली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या मिरा-भाईंदरचीही संपली. त्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि काही वर्षं दोन्ही महापालिकांत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, प्रशासक होते. पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हे त्या वर्षांत आमच्या इमारतीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर तेवढा सगळ्यांकडे होता.